सहल सगळ्यांची, दिवस एकेकाचा

परीक्षा संपत आल्या की आमच्या बेळगावात घरोघरी एकच विषय निघतो : यंदा कुठं जायचं? आमच्या घरी तो ईस्टरच्या आधीच निघाला आणि त्याचं उत्तरही ठरलं. मुंबई, कोकणचा किनारा आणि खोपोलीजवळचं इमॅजिका, तिन्ही एकाच खेपेत, आठ दिवसांत, आमच्याच गाडीनं. पप्पा, मम्मी, आजी, मी आणि आठवीतला धाकटा भाऊ, अशी पाच माणसं. ठिकाणं ठरली, पण वाद संपले नाहीत. माझ्या कॉलेजच्या ॲडमिशनवरून घरात झालं नसेल एवढं बोलणं ह्या सहलीवरून झालंय.

त्या सगळ्या बोलण्यातून माझं एक मत पक्कं झालं, तेच इथं मांडते. कुटुंबाची सहल आपण ठिकाणांची यादी करून आखतो. ती माणसांची यादी करून आखायला हवी. आणि एकत्र जायचं म्हणजे सगळ्यांनी सगळा वेळ एकमेकांना चिकटूनच राहायचं, हा हट्ट सोडायला हवा.

पप्पांची पहिली यादी फ्रीजवर चिकटली तेव्हा तीत १९ ठिकाणं होती. पहाटे चारला निघून एका दमात खोपोली. दुसऱ्या दिवशी इमॅजिका, रात्री मुंबई. मग एका दिवसात गेटवे, म्युझियम, राणीबाग, हाजी अली, माउंट मेरी आणि जुहू. पुढं मुंबई ते रत्नागिरी, तिथून गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला आणि आंबोलीवरून घर. मी म्हटलं, "पप्पा, हे जरा जास्त होतंय." ते म्हणाले, "एकदाच चाललोय, तर सगळं बघून येऊया की."

हे वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी बोललेलं असणार. त्याला हसू नका. पप्पांना एवढी लांब रजा पाच वर्षांनी मिळतेय. मम्मीची भिशी लागली म्हणून पैसे जमले. पुढच्या वर्षी मी एम.ए.साठी कुठं असेन ठाऊक नाही, आणि आजी ७४ वर्षांची आहे. "परत कधी" हा प्रश्न खरा आहे. पण परत कधी जमेल माहीत नाही, म्हणून जास्त ठिकाणं कोंबायची, की जी माणसं बरोबर आहेत त्यांना नीट वेळ द्यायचा? माझा वाद एवढाच आहे.

ठिकाणांच्या यादीत एक खोट असते. ती सगळ्यांना सारखी लागू पडते असं आपण धरून चालतो. थीम पार्क, समुद्राकाठचा रस्ता आणि मोठं शहर ह्या तीन गोष्टी माणसाकडून तीन वेगळ्या गोष्टी मागतात. पार्कला पाय लागतात आणि पोट घट्ट लागतं. शहराला कुतूहल लागतं. किनाऱ्याला सवड लागते. आमच्या घरात हे तिन्ही असणारं एकही माणूस नाही, आणि मला वाटतं कुठल्याच घरात नसतं.

थीम पार्कचंच बघा. डिस्नेलँडची कल्पना कशी सुचली हे वॉल्ट डिस्ने स्वतः सांगायचे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये ते आपल्या मुलींना घेऊन जायचे. मुली मेरी-गो-राउंडवर, आणि हे बाकावर शेंगदाणे खात बसलेले. आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी जागा हवी, असं त्यांना तिथं वाटलं. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं आणि पुढं जगभर तशी पार्कं झाली. आपल्याकडे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. पण तो बाक काही गेला नाही. आजही प्रत्येक पार्कात बाकावर कुणाची तरी आई पाच जणांच्या चपला, मोबाईल आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेली दिसते. वर तिनंही तिकीट काढलेलं असतं. रोलर कोस्टरला उंचीची अट असते. गुडघ्यांची अट कुणी लिहिलेली नसते, पण तीही असतेच. आजीला एप्रिलच्या उन्हात दिवसभर तिथं फिरवायचं आणि वर "आजीला पण नेलं" असं समाधान मानायचं, ह्यात आजीला काय मिळालं?

आजीला विचारलं तर ती म्हणते, "मला काय, कुठं बी चालतंय." घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आणि आयांचं हे ठरलेलं उत्तर आहे. आपण ते होकार म्हणून घेतो, कारण ते आपल्या सोयीचं असतं. खरं तर त्याचा अर्थ असतो, "माझ्यामुळं तुमचा खोळंबा नको." म्हणून मी प्रश्नच बदलला. कुठं जायचं हे न विचारता प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारलं : "आठातला एक दिवस पूर्ण तुझा असेल, तर काय करशील?"

भावानं एका सेकंदात सांगितलं, रोलर कोस्टर, दोनदा. आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, माउंट मेरीला एक मेणबत्ती लावायची आणि एक संध्याकाळ समुद्रात पाय सोडून बसायचं. पप्पा हसत हसत म्हणाले, "ज्या दिवशी गाडी चालवायची नाही तो दिवस माझा." मम्मीला उत्तर द्यायला दोन दिवस लागले. चपात्या लाटता लाटता ती म्हणाली, "सकाळी दहापर्यंत झोपायचं, आणि उठल्यावर चहा दुसऱ्यानं करायचा."

फ्रीजवरच्या १९ ठिकाणांत मम्मीचं एकही नव्हतं, कारण तिला हवी होती ती गोष्ट नकाशावर सापडत नाही. पप्पांचीही सापडत नाही. यादी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती, पण तीत स्वतःला फक्त ड्रायव्हर म्हणून घेतलं होतं.

ही उत्तरं समोर ठेवून आम्ही नकाशा परत उघडला, आणि त्यात खूप काही बदललं. ज्यांना असाच बेत करायचा आहे त्यांच्या उपयोगाचं म्हणून थोडं तपशिलात सांगते.

पहिली गोष्ट, जे जवळ आहे ते कापलं. मालवण-वेंगुर्ला बेळगावपासून आंबोलीमार्गे तीन-चार तासांवर. एखाद्या शनिवार-रविवारी जाऊन येता येतं. मग आठ दिवसांच्या सहलीत ते कशाला? यादीतून एकदम सहा ठिकाणं उडाली, आणि पप्पांना वाईटही वाटलं नाही, कारण ती कायमची गेली नव्हती.

दुसरी, दिशा उलटी केली. अनेकांना वाटतं मुंबई-गोवा हायवे म्हणजे समुद्राकाठचा रस्ता. तो नव्हे. पनवेल, महाड, चिपळूण, कणकवली असा तो आतून जातो आणि त्यावरून समुद्र दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. किनाऱ्यानं जातो तो रेवस ते रेडी सागरी महामार्ग. आता गंमत बघा. आपल्याकडे गाडी डाव्या बाजूनं चालते आणि आपला समुद्र पश्चिमेला. म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलं तर समुद्र डाव्या हाताला, आपल्याच बाजूला राहतो. थांबावंसं वाटलं तर समोरून येणारी वाहनं ओलांडून पलीकडे जावं लागत नाही. कॅलिफोर्नियात गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून तिथं किनाऱ्याच्या रस्त्यानं उत्तरेकडून दक्षिणेकडे जा असं सांगतात. आपलं बरोबर उलटं. म्हणून आम्ही आधी कोल्हापूर, आंबा घाट करून रत्नागिरीला उतरणार आणि तिथून वर मुंबईकडे जाणार. पुढची डावी सीट आजीची, हे लेखी ठरलंय.

तिसरी गोष्ट खाड्यांची. ह्या रस्त्यावर कोकणातल्या नद्या आडव्या येतात आणि त्यांच्या मुखांशी गाडीसकट फेरी बोटीनं पलीकडे जावं लागतं. तिकडे तिला जंगलजेट्टी म्हणतात. जयगड ते तवसाळ, धोपावे ते दाभोळ, वेसवी ते बागमांडला, दिघी ते आगरदांडा, अशा चार फेऱ्या. शिवाय मांडव्याहून मुंबईत भाऊच्या धक्क्याला नेणारी रो-रो बोट, जी २०२० मध्ये सुरू झाली आणि तासाभरात गाडीसकट पलीकडे पोचवते. पप्पांना सुरुवातीला हा सगळा खोळंबा वाटला. मोबाईलवरचा नकाशा किलोमीटर दाखवतो, पण बोटीसाठी थांबणं, वळणं, गावातले अरुंद रस्ते धरले तर तासाला तीस-पस्तीस किलोमीटरच्या वर हिशोब करू नये. रत्नागिरी ते हर्णै जेमतेम दीडशे किलोमीटर, पण पूर्ण दिवस त्यालाच द्यायचा.

मी त्यांना म्हटलं, पप्पा, ह्या पाच बोटी म्हणजे तुमची सुट्टी आहे. बोटीवर हँडब्रेक लावला की ड्रायव्हरही प्रवासीच. हात मोकळे, नजर मोकळी. ह्या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलंय. ते झाले की तिथल्या लोकांची सोय होईल, आणि व्हायलाच हवी. पण पूल होईपर्यंत कोकणातला हाच एक रस्ता आहे जो गाडी चालवणाऱ्यालाही सक्तीनं खाली उतरवतो. शिवाय लायसन्स माझ्याकडेही आहे. सपाट रस्त्यावर अर्धा-अर्धा तास गाडी माझ्याकडे द्यायचं पप्पांनी कबूल केलंय. आमच्या घरात हा करार १९ ठिकाणांपेक्षा मोठा आहे.

चौथी गोष्ट खाण्याची. आमच्याकडे सहल म्हणजे मम्मीनं पहाटे तीनला उठून चपात्या, शेंगाची चटणी, उकडलेली अंडी आणि कुंद्याचा डबा बांधायचा, आणि दिवसभर मधल्या सीटवरून वाटप करायचं. ह्या वेळी घरचा डबा फक्त पहिल्या दुपारचा. पुढं कोकणात जागोजागी घरगुती खानावळी आहेत, त्यांच्याकडे आदल्या दिवशी फोन करून माशाचं ताट सांगायचं. आणि मुरूडच्या मुक्कामानंतर आम्ही अलिबागजवळ आहोत तिथं एक दुपार आणि एक सकाळ काहीही ठेवलेलं नाही. ती सकाळ मम्मीची. चहा भाऊ आणेल. कागदावर तिथं "मोकळं" असं लिहिताना पप्पांचा हात अडखळला होता, एवढं मात्र सांगते.

माझा दिवस मी रविवारचा मागितला, कोर्लईसाठी. रेवदंड्यासमोर, कुंडलिकेच्या मुखाशी हे गाव आहे. १७४० साली पोर्तुगीज इथून गेले, पण तिथल्या कॅथलिक वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली एक भाषा आजही घरात बोलली जाते. बोलणारे तिला "नॉ लिंग" म्हणतात, म्हणजे आमची भाषा. जेमतेम हजारभर माणसं, चारी बाजूंनी मराठी, आणि तरी मुलांना अंगाईपासून ती भाषा मिळत आली. घरात एक, शाळेत दुसरी आणि ऑफिसात तिसरी भाषा म्हणजे काय, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मिस्साची वेळ आधी विचारून आम्ही त्या रविवारी तिथल्या माउंट कार्मेल चर्चमध्ये जाणार. भावाला ह्यात काडीचा रस नाही. त्यानं मिस्सानंतर किनाऱ्यावर पळावं. माझ्या दिवशी त्यानं माझ्यासारखं व्हावं असं मी म्हणत नाही.

मुंबईचंही तसंच. दीड दिवसात मुंबई "होत" नाही, आणि तिला उरकायचं तरी कशाला? घारापुरी सोमवारी बंद, राणीबाग बुधवारी बंद, हे आधी बघितलं की निम्मे वाद आपोआप मिटतात. गाडी एका जागी उभी करून लोकल आणि बेस्ट. एक सकाळ वांद्र्याला आजीची. एक दुपार माझी आणि पप्पांची. १९०५ पासूनच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या इमारती बघत सीएसएमटीपासून एशियाटिकच्या टाउन हॉलपर्यंत चालायचं आणि मग गिरगावात खोताची वाडी, जिथं ईस्ट इंडियन लोकांची जुनी लाकडी घरं अजून उभी आहेत. बाकीचे तेव्हा काय करतील? झोपतील, मरीन ड्राइव्हला बसतील, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटला जातील. जेवायला भेटू.

आणि आता सगळ्यात वादग्रस्त कलम. इमॅजिका शेवटी ठेवलंय, बुधवारी, म्हणजे रांगा जरा कमी. तिथं फक्त पप्पा, मी आणि भाऊ जाणार. आदल्या संध्याकाळी मम्मी आणि आजी दादरहून रेल्वेनं बेळगावला परत. दोघींना बर्थवर पाय पसरता येतील. नाहीतर खोपोली ते बेळगाव सुमारे चारशे किलोमीटर गाडीत पाय मुडपून बसावं लागलं असतं. पार्कची दोन तिकिटं वाचतात, त्यात रेल्वेची दोन बसतात.

"म्हणजे घराचे दोन तुकडे करून परत यायचं?" पप्पा म्हणाले. नातेवाइकांतही चर्चा झाली. एका मावशीनं तर "आईला अर्ध्यावर पाठवून दिलं म्हणतील लोक" असं स्पष्ट सांगितलं. ह्या आक्षेपात तथ्य आहे. कुटुंब एकत्र असण्याच्या जागा कमी होत चालल्यात, घरी असतानाही आपण चार खोल्यांत चार स्क्रीनवर असतो, मग सहलीत तरी एकत्र राहू, असं वाटणं चूक नाही. पण एकत्र असणं आणि एकाच जागी असणं ह्यांत फरक आहे. आमची माणसं वेलंकनीला जातात तेव्हा बघा. कुणी गुडघ्यावर चालतं, कुणी सावलीत बसून रोझरी म्हणतं, पोरं समुद्राकडे पळतात. आपण तुटलो असं तिथं कुणालाच वाटत नाही, कारण आपण का आलोय हे सगळ्यांना माहीत असतं. परत आल्यावर "किती पॉइंट झाले" असंही कुणी विचारत नाही.

आपल्या मराठीतली जुनी प्रवासवर्णनं वाचताना हेच जाणवतं. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' १९०७ साली छापलं गेलं. ते पेणजवळच्या वरसईहून घरची ओढगस्त दूर व्हावी म्हणून उत्तरेला निघाले. पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेला गेल्या आणि तिथलं शिक्षण, बायकांचं जीवन बघत राहिल्या. त्यांचं पुस्तक १८८९ चं. दोघांनाही आपण का निघालो हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून वाटेत दिसलेलं त्यांच्या लक्षात राहिलं. आपल्याला "का" ठाऊक नसतं, म्हणून आपण "किती" मोजतो.

तुमच्यातले काही म्हणतील, आमच्याकडे ना गाडी, ना आठ दिवस, ना पार्कची तिकिटं. मान्य. आमच्याकडेही हे पाच वर्षांतून एकदाच आहे. पण हा नियम गोकाकच्या धबधब्याला एका दिवसात जाऊन येणाऱ्यांनाही लागू पडतो. तिथंही कुणीतरी डबा बांधतं, कुणीतरी गाडी चालवतं, कुणीतरी पायऱ्यांवरच थांबून सगळ्यांच्या पिशव्या धरतं. दिवस देता येत नसेल तर त्या माणसाला एक तास द्या. पिशव्या तुम्ही धरा.

तेव्हा सुट्टीचा बेत करायला बसाल तेव्हा मोबाईलवर नकाशा उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त बरोबर येणाऱ्यांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढं त्या माणसानं स्वतः सांगितलेली एकच गोष्ट लिहा. जे "काहीही चालेल" म्हणतील त्यांना दुसऱ्या दिवशी परत विचारा, आणि तिसऱ्या दिवशीही. सगळ्या नावांपुढं काहीतरी आलं की मग ठिकाणं शोधा. तोवर गाडीची टाकी भरू नका.